फाट्यावरच्या अपघातांचा अभ्यास कसा करावा

अपघाताच्या कागदपत्रांत ‘चालकाने भरधाव व हयगयीने वाहन चालविल्याने’ हे वाक्य बहुधा ठरलेले असते. ते खोटे असते असे नाही. परंतु एकाच फाट्यावर निरनिराळ्या गावांचे सात-आठ चालक तीच हयगय करत असतील, तर ती चूक त्या जागी इतकी सोपी कशामुळे झाली, हे रस्त्यालाच विचारावे लागते. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील दोन तृतीयांशाहून अधिक ग्रामीण भागात गेली. दुपदरी महामार्गावरच्या एखाद्या फाट्याची तपासणी गावातल्या दोघा-तिघांना कशी करता येईल, ते येथे दिले आहे.

आधी कागद जमवावेत. पोलीस ठाण्यातून, गरज पडल्यास माहिती अधिकारात, मागील तीन वर्षांच्या अपघातांची यादी मिळवावी आणि प्रत्येक अपघाताची जागा, वेळ, वाहने व त्यांच्या दिशा एकाच नकाशावर बाणांनी दाखवाव्यात. बाण एका ठिकाणी गोळा होऊ लागले की निम्मे काम झाले. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे अथवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा एकूण दहा मृत्यू झाले असतील, तर त्याला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणण्याचा निकष रूढ आहे. पण आपला फाटा त्यात बसत नाही म्हणून तपासणी सोडून देऊ नये.

त्यानंतर वेग मोजावा. रस्त्याकडेला १०० मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात, त्या दोन्ही दिसतील अशा आडोशाला बसावे, आणि प्रत्येक वाहनाला तेवढे अंतर कापायला किती सेकंद लागतात ते टिपावे. ३६० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो : साडेचार सेकंद म्हणजे ८० किलोमीटर, सहा सेकंद म्हणजे ६०. पुढे वाहन नसल्याने मोकळे धावणारी १०० वाहने मोजून वेग चढत्या क्रमाने लावावेत. पंच्याऐंशीव्या वाहनाचा वेग हाच त्या जागेचा खरा वेग मानावा, फलकावर काहीही लिहिलेले असो. वेगाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर स्वीडनचे संशोधक योरान निल्सन यांच्या प्रारूपात आहे : मृत्यूंची संख्या सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घाताने बदलते. सरासरी वेग ८० वरून ७२ वर आला, तर या हिशेबाने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात.

आता दृष्टी-अंतर, म्हणजे पुढचा अडथळा चालकाला किती दुरून दिसतो ते. चालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर आणि रस्त्यावरचा अडथळा १५ सेंटिमीटर उंच, असे गृहीत धरून भारतीय मानके हे अंतर ठरवतात. नेहमीच्या दोन विटा एकावर एक आडव्या ठेवल्या की जवळपास तेवढी उंची होते. चढाच्या माथ्यापलीकडे साईडपट्टीवर त्या ठेवाव्यात, १.२ मीटरची काठी घेऊन मागे मागे यावे, आणि काठीच्या टोकाशी डोळा लावला असता विटा जेथे दिसेनाशा होतात तेथपर्यंतचे अंतर मोजावे. ताशी ६० साठी किमान ८०, ८० साठी १२० आणि १०० साठी १८० मीटर हवेत. ८० च्या वेगात चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच, अडीच सेकंद धरले तरी, गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते.

फाट्याच्या तोंडाशी मात्र खुर्चीवरून नव्हे, ट्रॅक्टरवरून पाहावे. चालक ट्रॅक्टरच्या नाकापासून दोन-अडीच मीटर मागे बसलेला असतो. त्यामुळे कडेला ऊस उभा असेल तर महामार्ग दिसण्याआधीच नाक डांबरावर आलेले असते. तोड झाल्यावर तपासणीला येणाऱ्या साहेबांना तेथे काहीच वावगे दिसत नाही. म्हणून मोजणी उसाच्या उंचीत करावी आणि छायाचित्रावर तारीख घालावी.

साईडपट्टीची खोली पट्टीने मोजावी. दर डांबरीकरणाला रस्ता उंचावतो, मुरूम मात्र पडत नाही, आणि खाली उतरलेली दुचाकी परत वर घेताना आडवी होते. पुलांचे उघडे कठडे, कडेची झाडे व एसटी थांब्याची जागा यांचीही नोंद घ्यावी. झाड तोडा असे लगेच लिहू नये, परावर्तक किंवा संरक्षक कठड्याने बरेचदा भागते. रात्री एक फेरी मारावीच. मोजणी करताना डांबरावर उभे राहू नये.

हे सारे कार्यकारी अभियंत्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लेखी द्यावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १९८अ सदोष रचनेबद्दल व देखभालीबद्दल संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला जबाबदार धरते, याचाही त्यात उल्लेख असावा. ‘ब्रेकर टाका’ ही मागणी सर्वांत सोपी आणि अनेकदा सर्वांत चुकीची असते. महामार्गावरचा बिनरंगाचा उंचवटा रात्री दुचाकीस्वाराला उडवतो. गतिरोधक फाट्याच्या रस्त्यावर मागावा.

सुधारणा झाल्यावर लगेच यश जाहीर करू नये. वाईट वर्षानंतरचे वर्ष काही न करताही बहुधा बरे जाते, आणि संशोधकही या सापळ्यात अडकतात. त्याच मार्गावरचे, सुधारणा न झालेले दोन-तीन फाटे तुलनेसाठी धरावेत, अपघात किमान तीन वर्षे मोजावेत आणि वेगाची दुसरी मोजणी पहिल्याच खुणांवर, त्याच वारी, त्याच वेळी करावी. दृष्टी-अंतराची मात्र पुन्हा ऊस उभा असताना.