सुई कुठं ठेवायची तेही सांगा

मी मिरजेत ब्लाउज शिवते. सकाळी दहा ते रात्री आठ मशीनवर. हात गुंतलेले असतात, कान रिकामे, त्यामुळे दिवसभर काही ना काही चालू असतं. पूर्वी कापडाच्या ढिगावर ट्रान्झिस्टर असायचा, आता तिथंच फोन असतो. आणि माझी खोड अशी, की चांगलं काही कानावर पडलं की ते पोटात राहत नाही. म्हणून आम्हा पाच जणींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे: नागपूरची ताई, तिची कॅलिफोर्नियातली मुलगी, शेजारच्या वहिनी, मी आणि एक निवृत्त संगीतशिक्षिका. त्या बाई मुळात माझ्या गिऱ्हाईक. 'आत्ता काय ऐकतेयस?' एवढाच ग्रुपचा विषय. गुड मॉर्निंगचं फूल टाकलं की सगळ्यांना चहा पाजायचा, असा दंड आहे.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच करायची. लिंक चिकटवायची, खाली 'अप्रतिम!!' आणि जोडलेले हात. दोन निळ्या खुणा यायच्या, ताई अंगठा दाखवायची, आणि ऐकलेलं कुणीच नसायचं. शेवटी भाचीनंच तोंड उघडलं. "मावशी, तू पाठवतेस ते बावन्न मिनिटांचं असतं गं. त्यातलं मी काय ऐकू?"

तिचं खरं होतं. तेव्हापासून मी मिनिट लिहायला लागले.

यूट्यूब संगणकावर बघत असाल तर 'शेअर' दाबल्यावर लिंकच्या खाली 'स्टार्ट ॲट' असा छोटा चौकोन दिसतो. त्यावर टिक केली की समोरच्याकडे गाणं त्याच क्षणापासून सुरू होतं. फोनवर मी त्या भानगडीत पडत नाही, लिंकखाली सरळ '१२:३५ पासून' लिहिते. समोरची बोटानं सरकवून घेते.

आता ते मिनिट शोधायचं कसं? माझी खूण अशी: ज्या क्षणी माझा पाय आपोआप पायडलवरून उचलला जातो, ती जागा. मशीन थांबतं, बाही अर्धी जोडलेली तशीच सुईखाली राहते. पण नेमकं तेच मिनिट पाठवू नका, इथंच मी बरेच दिवस फसत होते. गाण्यातली जागा एकटी काढून दाखवली तर ती नुसती गळ्याची करामत वाटते. गायक तिथपर्यंत कसा गेला ते ऐकलं तरच ती लागते. ख्याल असेल तर निदान एक पूर्ण आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मागं या. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं असू शकतं, म्हणून मी सरळ दीड मिनिट मागं जाते. ऐकणारीला एक सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, मिळते, तिचा ठेका बसतो, आणि मग पुढच्या समेच्या आधी जे होतं ते तिला तुमच्याइतकंच लागतं. भावगीताला किंवा सिनेमाच्या गाण्याला एवढं लागत नाही, तिथं अंतरा कुठला ते सांगितलं की झालं.

मिनिट लिहिणं म्हणजे आगाऊपणा असं वहिनींना वाटायचं. "ऐकणाऱ्याला कळतं की," म्हणायच्या. त्यांना मी केसरबाईंचं सांगितलं. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेवली. पृथ्वीवरचं निवडक संगीत, कुणाला सापडलंच तर ऐकायला. त्यात बाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची. आता बघा, ज्यांनी ती पाठवली त्यांनी नुसती तबकडी दिली नाही. सोबत सुई दिली, आणि वेष्टनावर चित्रं कोरली: सुई कुठं ठेवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची. वहिनी, परग्रहावरच्याला सांगावं लागतं, मग नागपूरच्या ताईला का नको?

नाव नीट लिहा. माझ्या लहानपणी विविध भारतीचे निवेदक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार एका दमात सांगायचे, तशी सवय लावून घ्या. शास्त्रीय असेल तर राग, गाणारा किंवा वाजवणारा, आणि मैफल की स्टुडिओतलं. हे शब्दांत लिहायचं, लिंकवर सोडायचं नाही. लिंक आज चालते, उद्या तो व्हिडिओ कुणी काढून टाकतो. शिवाय भाची ज्या ॲपवर पैसे भरून ऐकते ते ताईकडे नाहीच. तिला लिंक उघडली की 'आधी हे डाउनलोड करा' एवढंच दिसतं. नाव लिहिलेलं असेल तर ती आपल्याकडे आहे तिथं शोधते.

आणि व्हिडिओच्या मथळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी एकदा 'पूरिया, संध्याकाळी ऐका' असं ऐटीत पाठवलं, कारण मथळ्यात पूरिया लिहिलं होतं. दहा मिनिटांत शिक्षिकाबाईंचा निरोप: "मारवा आहे." दोघांचे स्वर तेच, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम लागतात, पंचम वर्ज्य. पण पूरियात गंधार-निषाद मिरवतात, मारव्यात रिषभ-धैवत. मला ते तेव्हा कळत नव्हतं, आताही दर वेळी कळतं असं नाही. म्हणून खात्री नसेल तिथं मी 'राग ओळखा' असं लिहिते. अज्ञानही झाकतं आणि बाईंनाही काम मिळतं.

गाणं कुठलं हेच माहीत नसेल, म्हणजे रिक्षात लागलंय, समोरच्या लग्नात वाजतंय, तर शझाम हे गाणं ओळखणारं ॲप वापरा. ध्वनिमुद्रित गाणं असेल तर बहुतेक वेळा सापडतं. प्रत्यक्ष मैफलीत ते काही कामाचं नाही, कारण ते आवाज ठरावीक ध्वनिमुद्रणाशी ताडून बघतं, आणि समोर चाललेलं गाणं अजून कुणी साठवलेलंच नसतं.

त्यानंतर एक ओळ. एकच. 'खूप छान' सोडून काहीही. गेल्या आठवड्यात मी पाठवलेली ही ओळ:

'मारवा, सरोद. १८:१० पासून. षड्ज येईल येईल म्हणून वाट बघायला लावलंय, मी मुंढा दोनदा उसवला.'

(वादकाचं नाव इथं मुद्दाम गाळलंय, नाहीतर तुम्ही हे वाचायचं सोडून तेच शोधत बसाल.) चौघींनी ऐकलं. वहिनींना सरोद आवडत नाही, पण ब्लाउज त्यांचा होता.

स्टेटसचा प्रकार वेगळा. तिथं गाणं लावलं की ते चोवीस तास राहतं आणि ज्यांचे नंबर आपल्याकडे आणि आपला ज्यांच्याकडे आहे अशा सगळ्यांना दिसू शकतं. शिवणकाम करणारीकडे नंबर कुणाचे असतात? गिऱ्हाइकांचे. मी दुपारी तीनला मोठ्या हौसेनं 'आत्ता ऐकतेय' म्हणून स्टेटस टाकलं, तीन वाजून पाच मिनिटांनी फोन: "ऐका, निवांत ऐका. आमच्या घरचं लग्न परवा आहे, ब्लाउज कधी देताय?" स्टेटसच्या प्रायव्हसीत 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' असा पर्याय असतो. ज्यांचे कपडे शिवायचे बाकी आहेत त्यांची नावं त्यात घाला. भाचीच्या स्पॉटिफायमध्ये 'प्रायव्हेट सेशन' असं असतं. ते चालू केलं की आपण काय ऐकतोय ते मैत्रिणींना दिसत नाही. तिला ते कशासाठी लागतं ते मी विचारलेलं नाही.

दोघींना एकाच वेळी ऐकायचं असेल तर कॉल लावून फोन स्पीकरसमोर धरू नका. आम्ही ताईसाठी केलं होतं. गायिकेचा आवाज तुटक जात होता आणि तानपुरा तर गायबच. फोन तो अखंड गुंजारव पंख्याचा आवाज समजतो आणि पुसून टाकतो, असं भाचीनं सांगितलं. मिरजेत, जिथं तानपुरे घडतात, तिथून पाठवलेलं गाणं बिनतानपुऱ्याचं! आता आम्ही कॉल चालू ठेवतो, दोघी आपापल्या फोनवर तेच गाणं उघडून ठेवतो, ताई 'एक, दोन, तीन' म्हणते आणि दाबतो. अर्ध्या सेकंदाचा फरक राहतो. ताईची दाद थोडी उशिरा येते, पण ती आधीपासूनच तशी आहे.

वेळेचं भान ठेवा. मी सकाळी साडेसातला तोडी हा सकाळचा राग पाठवते तेव्हा भाचीकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, थंडीत सहा. ती ऑफिसातून घरी जात असते आणि मी तिला सकाळ पाठवते. म्हणून तिच्यासाठी उलटं करते: संध्याकाळचा राग सकाळी उठल्यावर पाठवायचा, सकाळचा रात्री मशीन झाकताना.

मैफलीतून पाठवायचं असेल तर जरा आवरा. आमच्याकडे मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथल्याच आवारात आहे. तिथं पुढच्या रांगेत कुणी फोन उंच धरला की मागच्या दहा जणांना गायकाऐवजी त्याचा उजेड दिसतो. मी पर्समध्ये बिलबुकाचा एक कागद ठेवते: कोण, कुठला राग, किती वाजता. घरी आल्यावर व्हॉइस नोटवर वीस सेकंद गुणगुणून पाठवते. माझा गळा काही गाण्याचा नाही, तरी त्या नोटा पहिल्या ऐकल्या जातात. मशीन मात्र बंद करा, खडखडाटात शिक्षिकाबाईंना त्रिताल ऐकू आला होता.

आणि पाठवून झाल्यावर 'ऐकलंस का?' विचारू नका. दिवसाला एकच, आणि पाठवलं की विसरायचं.

परवा रात्री भाचीचं आलं. कुठल्यातरी इंग्रजी बँडचं, नाव मला वाचता आलं नाही. खाली लिहिलं होतं: 'मावशी, २:४० पासून. त्याआधीचं तुला झेपणार नाही.' मी हेमिंग करता करता ऐकलं. मग हट्टानं त्याआधीचंही ऐकलं. तिचं बरोबर होतं.