पाळकांच्या बदलीचे जुने कॅनन कसे वाचायचे

पुण्यात पंचहौदला असो नाहीतर कॅम्पातल्या कुठल्याही चर्चमध्ये, पाळकसाहेबांच्या बदलीचं निघालं की उपासनेनंतर आवारात तोच विषय, आणि मग कोणीतरी म्हणतंच की अहो नायसियाच्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या जुन्या सभेने, बदलीला बंदी घातली होती. घातली होतीच, ३२५ सालचा १५ वा कॅनन, म्हणजे चर्चचा नियम, म्हणतो बिशप, प्रेस्बिटर (पाळक), डीकन (त्यांचा मदतनीस सेवक) कोणीही एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं नाही, गेला तर मूळच्या मंडळीकडे परत. पण एवढ्यावर वाद घालू नका प्लीज.

आधी कॅल्सीडॉनची परिषद काढा, ४५१ सालची, त्यातला ६ वा कॅनन. नुसतीच कुणाला पाळकपणाची दीक्षा द्यायची नाही, अमुक शहराचं किंवा गावाचं चर्च, हुतात्म्याचं स्मारक नाहीतर मठ असं ठिकाण ठरवूनच द्यायची, नाहीतर ती दीक्षा रद्द. माणूस त्या मंडळीला दिलेला असायचा, हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

मग नायसियाचा १६ वा वाचा. त्यात दुसऱ्या बिशपचा माणूस त्याच्या संमतीशिवाय उचलून आपल्याकडे दीक्षा दिली तर तीही रद्द. म्हणजे राग आहे तो परस्पर निघून जाण्यावर आणि परस्पर पळवण्यावर, आपल्याच बिशपने आपल्याच धर्मप्रांतात केलेली बदली ही वेगळी गोष्ट, ती यात कोंबू नका.

सार्डिका, म्हणजे आजचं सोफिया, तिथल्या परिषदेचा पहिला कॅनन मात्र सावकाश वाचा. कॉर्डोबाचे बिशप होसियस तिथे सरळ विचारतात, मोठ्या शहरातून लहान शहरात गेलेला बिशप कुणी पाहिलाय का? मला सगळ्यात पटतो तो हाच, कारण यात लहान मंडळीची बाजू घेतलीय, आपला पाळक मोठ्या जागेसाठी सोडून गेला की मागे राहिलेल्यांचं काय होतं ते आपण बघतोच की.

अपवाद पण बघायचे. अपॉस्टॉलिक कॅनन, म्हणजे प्रेषितांच्या नावावरचे जुने नियम, त्यातला १४ वा सबळ कारण असेल तर बिशपला जाऊ देतो, पण ठरवायचं त्याने नाही, पुष्कळ बिशपांनी मिळून. कॅल्सीडॉनचा २० वा, ज्यांचा मुलुखच गेला त्या पाळकांना सूट देतो. आणि परक्या शहरात सेवा करायची तर आपल्या बिशपचं शिफारसपत्र लागायचंच, तो कॅल्सीडॉनचाच १३ वा.

शेवटी नियम प्रत्यक्षात कसा चालला ते ताडून बघा. निकोमीडियाचा युसेबियस, हा बिशप, बेरूतहून निकोमीडियाला आणि तिथून थेट कॉन्स्टँटिनोपलला गेला, राजदरबारात वजन होतं त्याचं. उलट नाझियान्झसच्या ग्रेगरीला आधी सासिमा नावाच्या छोट्या गावाचा बिशप केलेलं, तिथे तो कधी धड बसलाही नाही, तरी पुढे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाल्यावर ३८१ च्या परिषदेत विरोधकांनी हाच नियम त्याच्यापुढे धरला आणि त्याने कॉन्स्टँटिनोपल सोडलं. त्यामुळे नियम कोणावर लागला आणि कोणावर नाही, हे प्रत्येक वेळी विचारायचंच.