जीएसटी नंबर घेतलाय ना? मग या चुका टाळा

"विक्रीच नाही, मग रिटर्न कसलं भरायचं?" हे ऐकून ऐकून खरंच वैताग आलाय. नंबर चालू आहे तोवर रिटर्न भरायचंच, विक्री शून्य असली तरी. निल रिटर्नला दिवसाला २० रुपये लेट फी लागते, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००, आणि रिटर्न दोन असतात, जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा तपशील) आणि ३बी (एकूण हिशोब आणि टॅक्सचा भरणा).

आमच्याकडे एक फॅब्रिकेशनवाले आले होते. एका सोसायटीच्या ग्रिलचं काम मिळावं म्हणून त्यांनी स्वस्तात नंबर काढून घेतला, काम झालं, पैसे आले, पुढे मोठं काम नाही म्हणून रिटर्न बंद. नंबर काढून देणाऱ्याने पोर्टलवर स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकलेला, त्यामुळे नोटिसा सगळ्या त्याच्याकडे गेल्या आणि यांना पत्ताच नाही. सलग सहा महिने रिटर्न नाही म्हणून नंबर कॅन्सल झाला. हे कळलं कधी, तर एमआयडीसीतल्या एका कंपनीची शेडची ऑर्डर आली आणि त्यांनी नंबर तपासला तेव्हा! मागची सगळी रिटर्न लेट फीसकट भरल्याशिवाय नंबर परत चालू होत नाही, आणि तेवढं थांबायला कंपनी तयार नव्हती. एवढा चांगला कारागीर, काम हातचं गेलं.

म्हणून सांगतो, पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच ठेवा. निल ३बी तर १४४०९ ला एसएमएस करूनही भरता येतं, त्यालाही आळस करायचा म्हणजे काय? आणि धंदा खरंच बंद केला असेल तर नंबर रीतसर सरेंडर करा.

दुसरी चूक म्हणजे खरेदीचं बिल हातात आलं की क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट, मिळालं असं धरून चालणं. समोरच्याने ते बिल त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये टाकलं आणि तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, दिसलं तरच क्रेडिट, नाहीतर तेवढा टॅक्स तुम्ही खिशातून भरायचा. पार्टी नवीन असेल तर मी आमच्या लोकांना मालाचे पैसे द्यायला लावतो आणि टॅक्सएवढी रक्कम अडकवून ठेवायला लावतो, १४ तारखेला २बी येतं, त्यात बिल दिसलं की सोडायची. पार्टी कुरकुर करते, करू दे. कोणी म्हणतं एवढं कोण बघत बसणार, आणि मग मार्चनंतर तीच माणसं बिलांची पिशवी घेऊन धावत येतात.

जीएसटी नंबर घेण्यासाठी मालाच्या दुकानाला ४० लाखांची आणि सेवेला २० लाखांची मर्यादा आहे ती वर्षाच्या विक्रीवर, नफ्यावर नाही. त्यात रोख आणि यूपीआय दोन्ही धरायचं. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या तेव्हा तिथे कित्येकांनी क्यूआर कोडच काढून टाकले, पण त्याने विक्री कमी होत नाही हो, फक्त लपवल्यासारखी दिसते.

कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठी विक्रीवर ठरावीक कमी दराने टॅक्स भरायच्या योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून बिलावर जीएसटी घ्यायचा नाही, अजिबात नाही.

घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून करू नका.

आणि पीटीईसी, म्हणजे धंदा करणाऱ्याचा स्वतःचा प्रोफेशनल टॅक्स! महाराष्ट्रात धंदा करताय तर वर्षाचे २५०० रुपये ३० जूनच्या आत भरायचे, जीएसटी भरला म्हणजे प्रोफेशनल टॅक्स भरला असं होत नाही.