लॉक तुटल्यावर मिसाईल काय करतं? डीसीएस खेळताना या चुका टाळा

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर खेळात नव्याने लांब पल्ल्याच्या हवाई लढाईला उतरलेल्यांच्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक, "लॉक तुटला, मिसाईल वाया गेलं." दुसरी, "त्याचा लॉक तुटला होता, तरी मला मिसाईल लागलं कसं?" दोन्हींचं मूळ एकच आहे. लॉक म्हणजे रडारने लक्ष्य पकडून ठेवणं. तो किंवा ट्रॅक, म्हणजे रडारकडची लक्ष्याची चालू नोंद, गेल्यावर पुढे काय होणार हे मिसाईलगणिक बदलतं, आणि आपण सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

सगळी मिसाईलं सारखीच समजणं

स्पॅरो, म्हणजे एआयएम-७, किंवा मिराज २०००सीचं सुपर ५३०डी ही अर्ध-सक्रिय मिसाईलं. त्यांच्या नाकात फक्त रिसीव्हर असतो. लक्ष्यावर रडारचा झोत टाकायचं काम शेवटपर्यंत तुमच्या विमानाचं. अंधारात मागच्याने बॅटरी मारायची आणि पुढच्याने त्या उजेडात चालायचं, तसा हा प्रकार. मागच्याने बॅटरी फिरवली की पुढचा ठेचकाळलाच. व्हिएतनाममध्ये १९६५ ते १९६८ या काळात सोडलेल्या स्पॅरोंपैकी दहातलं एकही धड लागत नसे. त्याला कारणं बरीच होती, पण शेवटपर्यंत लॉक धरून ठेवावा लागणं हे त्यातलं एक.

आर-२७ईआरसुद्धा अर्ध-सक्रियच, पण सुरुवातीचा प्रवास ते स्वतःच्या जडत्वीय दिशादर्शनावर आणि विमानाकडून रेडिओने मिळणाऱ्या दुरुस्त्यांवर करतं. वॉर थंडर हा दुसरा खेळ खेळणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो: तिथे लॉक क्षणभर तुटला तरी आर-२७ईआर आपला मार्ग धरून राहतं आणि लॉक परत मिळाला तर पुन्हा कामाला लागतं. पण डीसीएसमध्येही तसंच होईल असं धरू नका, एका खेळातली सवय दुसऱ्या खेळात आंधळेपणाने वापरू नका.

एआयएम-१२० ॲमराम, आर-७७ आणि जेएफ-१७चं एसडी-१० यांची गोष्टच वेगळी. त्यांच्याकडे स्वतःचं छोटं रडार असतं. तुमच्या विमानाकडून डेटालिंक, म्हणजे लक्ष्याची ताजी माहिती, येणं बंद झालं की मिसाईल शेवटच्या माहितीवरून, म्हणजे लक्ष्याची जागा, वेग आणि दिशा यांवरून भेटीचा बिंदू काढतं, तिकडे जातं आणि जवळ पोचल्यावर रडार चालू करून शोधायला लागतं.

फिनिक्स, म्हणजे एफ-१४चं लांब पल्ल्याचं मिसाईल, या दोन्ही गटांत बसतं. एफ-१४मधून पल्स डॉप्लर एसटीटीत, म्हणजे रडार एकाच लक्ष्यावर खिळवणाऱ्या मोडमध्ये, सोडलंत तर ते शेवटपर्यंत तुमच्या झोतावर अवलंबून. लॉक गेला की संपलं. टीडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवणाऱ्या मोडमध्ये, सोडलंत तर एफ-१४चं एडब्ल्यूजी-९ रडार हरवलेला ट्रॅक लगेच पुसून टाकत नाही. मिसाईल हवेत असताना तो दोन मिनिटांपर्यंत अंदाजाने पुढे सरकवत ठेवतं. मागच्या सीटच्या पडद्यावर अशा ट्रॅकवर फुली दिसते. ती फुली दिसली म्हणजे सगळं संपलं असं मानून तोंड फिरवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी थोडी कळ काढावी.

ट्रॅक गेला की लगेच पाठ फिरवणं

हा प्रसंग जवळून बघू, कारण सर्वाधिक मिसाईलं इथेच फुकट जातात. तुम्ही एफ-१६मध्ये आहात. वीस मैलांवरच्या जेएफ-१७वर टीडब्ल्यूएसमधून ॲमराम सोडलंत आणि डावीकडे क्रँक केलंत, म्हणजे लक्ष्य रडारच्या नजरेच्या कडेला राहील इतकं वळलात. हडवर, म्हणजे पायलटसमोरच्या काचेच्या पडद्यावर, 'ए' आणि त्यापुढे उलटी मोजणी सुरू आहे. हे मिसाईलचं स्वतःचं रडार चालू व्हायला उरलेले सेकंद. आठ सेकंद उरलेले असताना समोरचा वळून तुमच्या काटकोनात उडायला लागतो, म्हणजे नॉच करतो, आणि ट्रॅक गायब होतो.

पल्स डॉप्लर रडार वेगाच्या फरकावरून विमान आणि जमीन वेगळी ओळखतं. काटकोनात उडणारं विमान तुमच्या जवळही येत नसतं आणि लांबही जात नसतं, म्हणून ते जमिनीसारखंच दिसतं आणि गाळलं जातं. पण हा काटकोन फार वेळ जपणं अवघड असतं. थोडं नाक इकडेतिकडे झालं की तो परत दिसतो, आणि मिसाईल सक्रिय होण्याआधी ट्रॅक सावरला तर शेवटचा अंदाज किती तरी अचूक होतो. म्हणून ते काही सेकंद नाक तिकडेच ठेवा आणि आधी अँटेनाची उंची बघा. वीस मैलांवर अँटेनाचा एक अंश म्हणजे साधारण दोन हजार फूट. नॉच करणारा बहुतेक वेळा खालीही सूर मारतो. तो दहा हजार फूट उतरला असेल तर अँटेना पाच अंश खाली हवी, आणि ती अजून जुन्याच उंचीवर झोत टाकत असते.

त्याहून चांगली सवय म्हणजे क्रँक करतानाच खाली उतरणं. तुम्ही त्याच्या वर असलात तर त्याच्या मागे जमीन असते आणि नॉच फळतो. तुम्ही त्याच्या खाली गेलात तर त्याच्या मागे आकाश असतं, तिथे लपायला फारसं काही नसतं.

आणि ट्रॅक गेला त्याला समोरचाच जबाबदार होता का, तेही तपासा. एफ-१६चं रडार बाजूला साठ अंशांपर्यंत बघतं, एफ-१४चं पासष्ट, हॉर्नेटचं (एफ/ए-१८) सत्तर. हॉर्नेटवरून एफ-१६कडे आलेला माणूस जुन्या सवयीने क्रँक करतो आणि स्वतःच ट्रॅक तोडून घेतो. लक्ष्य पन्नास अंशांच्या आसपास ठेवलंत तर हाताशी थोडी जागा उरते.

गडबडीत मोड बदलणं

टीडब्ल्यूएसमधून दोन लक्ष्यांवर दोन मिसाईलं गेली आहेत आणि एक ट्रॅक डळमळला म्हणून तुम्ही दुसऱ्याला एसटीटीत पकडलंत, तर पहिल्याचा डेटालिंक तुम्हीच कापलात. जवळच्या झुंजीच्या मोडचं डॉगफाईट स्विच दाबलं तरी तेच. सगळे ट्रॅक जातात. एफ-१४मध्ये आणखी एक मेख आहे. हरवलेलं विमान अंदाजलेल्या जागेपासून दूर सापडलं तर रडार त्याला नवा ट्रॅक समजतं, आणि मिसाईल जुन्यालाच बांधलेलं राहतं. पडद्यावर लक्ष्य दिसतंय म्हणजे मिसाईललाही दिसतंय, असं धरून चालू नका.

आरडब्ल्यूआर गप्प झाला म्हणून परत वळणं

बचाव करणाऱ्याची ही सर्वांत महाग चूक. टीडब्ल्यूएसमधून सुटलेल्या ॲमरामची सूचना तुमच्या आरडब्ल्यूआरवर, म्हणजे शत्रूचं रडार आपल्याकडे बघतंय हे सांगणाऱ्या यंत्रावर, येतच नाही. समोरच्याचं रडार हरवलं, कानातला आवाज थांबला, म्हणून तुम्ही पुन्हा त्याच्याकडे नाक वळवता. मिसाईल त्याच बिंदूकडे निघालेलं असतं. आरडब्ल्यूआरवर 'एम', म्हणजे मिसाईलच्या स्वतःच्या रडारची खूण, उमटतो तेव्हा हातात मोजकेच सेकंद असतात आणि तुम्ही थेट त्याच्या तोंडावर असता.

लॉक तुटल्याचं कळलं की तुमचं पहिलं काम म्हणजे अंदाजाची ती रेषा सोडणं. दिशा बदला, उंची बदला, पाठ दाखवून अंतर वाढवा. वीस मैलांवरून आलेल्या मिसाईलला पोचायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. तेवढा वेळ मनात मोजा. मोटर पहिल्या काही सेकंदांतच जळून गेलेली असते, त्यामुळे तुम्ही घ्यायला लावलेलं प्रत्येक वळण त्याचा वेग खातं.

मिसाईल आपला-परका ओळखतं असं मानणं

ओळख पटवण्याची यंत्रणा विमानात असते, मिसाईलमध्ये नाही. ट्रॅक हरवलेलं ॲमराम सक्रिय झालं की समोर जो सापडेल त्याला धरतं, मग तो तुमचा विंगमन का असेना. आपलं विमान त्या दिशेला झुंजत असेल तर सोडूच नका. सोडलंच असेल तर ट्रॅक गेल्याचं रेडिओवर लगेच सांगा. गप्प राहणं हा इथे सोबत्याशी केलेला अन्याय आहे.

तपासण्याआधीच 'बग' म्हणणं

५ जानेवारी १९९९ रोजी इराकवर अमेरिकी एफ-१५ आणि एफ-१४ विमानांनी मिग-२५वर स्पॅरो, ॲमराम आणि फिनिक्स अशा तिन्ही जातींची मिसाईलं सोडली. एकही लागलं नाही. चुकणं हा या शस्त्रांचा स्वभावच आहे. शिवाय डीसीएसमध्ये मिसाईलांचं वागणं अपडेटगणिक बदलत आलंय, त्यामुळे २०१९च्या व्हिडिओतली युक्ती आज चालेलच असं नाही.

उड्डाणानंतर टॅकव्ह्यू, म्हणजे उड्डाणाची नोंद परत दाखवणारा प्रोग्रॅम, उघडा, मिसाईल निवडा आणि ते कोणत्या क्षणी सरळ रेषेत जायला लागलं ते शोधा. त्याच क्षणी तुमचं नाक कुठे होतं, लक्ष्याशी कोन किती होता आणि मिसाईलचा वेग किती उरला होता, एवढं बघितलंत की कारण बहुतेक वेळा हाती लागतं. मल्टिप्लेअरमध्ये शक्य असेल तर सर्व्हरवरची नोंदीची फाईल मागून घ्या. तुमच्या संगणकावर नोंदलेली मिसाईलची वाट आणि सर्व्हरवरची वाट यांत फरक पडू शकतो, आणि विमान पडलं की नाही हे ठरवताना दुसऱ्याच्या संगणकाचाही हिशेब त्यात आलेला असतो.