एपिक्युरस वाचायला घेताय? मग या चुका टाळा

पहिली चूक सगळेच करतात, मीपण केली. एपिक्युरस, म्हणजे तो जुना ग्रीक तत्त्वज्ञ, खा प्या मजा करा सांगणारा असं डोक्यात घेऊन बसायचं. इंग्रजीत चोखंदळ खवय्याला एपिक्युरियन म्हणतात ना, तिथनं हा घोळ आपल्याकडे आलाय. खरं बघाल तर हा माणूस पाव आणि पाण्यावर खूश असायचा, आणि एका मित्राला लिहितो की छोटं मडकंभर चीज पाठव, म्हणजे कधी मनात आलं तर मेजवानी करता येईल. झाली याची पार्टी!

त्याचं 'सुख' म्हणजे अंगाला दुखणं नाही आणि डोक्याला घोर नाही, बस. भूक लागली, पोट भरलं, संपलं. त्यावर आणखी दहा पदार्थ वाढले तरी सुख वाढत नाही, फक्त चव बदलते असं तो म्हणतो, आणि हे मला लग्नाच्या बुफेत प्लेट घेऊन उभं असताना दरवेळी आठवतं (प्लेट भरायची काय थांबत नाही ती गोष्ट वेगळी).

म्हणूनच त्याला ग्रीक चार्वाक म्हणून मोकळं होऊ नका. मेल्यावर काही उरत नाही हे दोघं म्हणतात, इथवर ठीक आहे. पण कर्ज काढून तूप प्यायचा सल्ला याच्या गळ्यात मारलात तर चुकलात, कारण कर्जाचा घोर घेऊन कसलं आलंय सुख? आणि तो तुपाचा श्लोकसुद्धा आपल्यापर्यंत विरोधकांच्याच पुस्तकातनं आलाय म्हणा.

दुसरं, तो नास्तिक नव्हता. देवाला वाईट थांबवायचंय पण जमत नाही का, की जमतं पण इच्छा नाही, असा फोटो फॉरवर्ड होत असतो त्याच्या नावाने. ते आज उरलेल्या त्याच्या लिखाणात कुठेच नाहीये, लॅक्टँशियस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने जवळजवळ सहाशे वर्षांनी त्याच्या नावावर लिहिलंय. एपिक्युरसचं म्हणणं, देव आहेत, मजेत आहेत, तुमच्या भानगडीत पडत नाहीत.

वाचताना अडकलात तर बहुतेक सुरुवात चुकलीय. त्याची तीन पत्रं उरलीत, त्यातलं हेरोडोटसला लिहिलेलं आधी उघडलं की अणू आणि पोकळीत (त्याच्या मते जग यांचंच बनलंय) माणूस हरवतो (हा हेरोडोटस इतिहासकार नव्हे, तो एपिक्युरस जन्मायच्या आधीच गेला). आधी मेनोइकेयसला लिहिलेलं पत्र घ्या, थोडक्या पानांचं आहे, एका बैठकीत होतं.

आणि शेवटची चूक, 'मृत्यूचा आपल्याशी काही संबंध नाही' हे त्याचं वाक्य वाचून त्याला कोरडा समजणं. इ.स.पू. २७०च्या सुमारास मुतखड्याने गेला, लघवी अडकलेली, पोट बिघडलेलं, आणि त्याच दिवशी इडोमेनियस नावाच्या मित्राला पत्र लिहितो की वेदना याहून जास्त होऊच शकत नाहीत पण आपल्या गप्पा आठवून मन आनंदात आहे. मृत्युपत्रात मिस नावाच्या गुलामाला मोकळं केलं. अथेन्सच्या त्याच्या बागेत, म्हणजे त्याच्या शाळेतच, बायका आणि गुलामसुद्धा तत्त्वज्ञान शिकायला बसायचे, मिस त्यातलाच. आणि इडोमेनियसच्या त्या पत्रात शेवटी मागणं काय, तर जवळचा सोबती मेट्रोडोरस आपल्या आधी गेलाय, त्याच्या पोरांकडे लक्ष ठेव.