आखडलेला गुडघा मोकळा करताना
आंबे काढताना झाडावरून पडून किंवा पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरून गुडघ्याजवळचे हाड मोडले, की काही आठवडे प्लास्टर राहते आणि ते निघाल्यावर पाय लाकडासारखा ताठ झाल्याचे ध्यानात येते. हालचाल थांबलेल्या या काळात सांध्याच्या आवरणाच्या घड्या एकमेकींना चिकटतात, तेथे व्रणासारखी कडक ऊती धरते आणि मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. सांधा झिजल्याने सकाळी जाणवणारा व चार पावले चालल्यावर सुटणारा ताठरपणा निराळा.

निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो. सपाटीवर चालण्यास ६० ते ७० अंश पुरतात, खुर्चीतून उठण्यास ९० च्या आसपास लागतात, आणि खोबरे खोवायला विळीवर उकिडवे बसायचे तर त्याहून पुष्कळ अधिक. घरच्यांना या वाकण्याचीच काळजी असते. माझ्या मते मात्र पाय पूर्ण सरळ न होणे अधिक वाईट, कारण अर्धवट वाकलेल्या पायावर उभे राहताना मांडीला उसंतच मिळत नाही.

म्हणून हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर आधी सरळ करण्याचा व्यायाम करावा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडावा, मांडी आवळून पाच सेकंद धरावी आणि असे दहादा, दिवसातून तीन-चार वेळा करावे. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नये, कितीही बरे वाटले तरी. मग ओटीवर पाय पसरून टाच हळूहळू आपल्याकडे सरकवावी आणि जेथे थांबते तेथे खडूने खूण करावी. व्यायामानंतरचे दुखणे काही वेळात शमले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर जोर कमी करावा.

मालिशवाल्याकडून पाय जबरीने वाकवून घेऊ नये. त्यात हाड पुन्हा मोडू शकते किंवा स्नायूतच हाड धरू लागते. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, पोटरी सुजली किंवा सांधा एकाएकी अडकला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खडूची खूण दोन-तीन आठवडे हललीच नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. शस्त्रक्रियेनंतर आखडलेला गुडघा पहिल्या सुमारे तीन महिन्यांत भूल देऊन वाकवता येतो. पुढे ऊती घट्ट झाल्यावर दुर्बिणीतून चिकटलेले पट्टे सोडवावे लागतात, आणि दोन्ही उपायांनंतर व्यायाम लगेच सुरू केला नाही तर पट्टे पुन्हा धरतात.