जुन्या गाडीचा नवा रंग घासताना या चुका टाळा

पद्मिनी असो की अँबेसेडर, रंग चढला की मालकाला धीर धरवत नाही. दोन दिवसांत कोणीतरी रंग गुळगुळीत करून चमकवायला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) घेऊन बॉनेटवर तुटून पडतं, आणि महिन्याने 'चमक उडाली' म्हणत गाडी माझ्या दारात उभी राहते. शिव्या खातो तो पेंटर, पण बहुतेक वेळा रंग बिघडलेला असतो तो नंतरच्या घासकामात.

टूके (हार्डनर मिसळून मारायचा) रंग वरून कोरडा लागला म्हणजे आतून पक्का झाला असं नाही. ६० अंशांच्या भट्टीत अर्धा तास तापवलेला रंग दुसऱ्या दिवशी घासता येतो. आपल्याकडची बरीच कामं मात्र साध्या शेडमध्येच होतात, आणि तिथे थिनर रंगातून हळूहळू निघत असतो. त्याआधी घासलंत तर पेपरवर रंगाच्या गोळ्या धरतात. घासून चमकवलंत तरी पुढे रंग आकसून बसतो, खालच्या लांबीवरचे (खड्डे भरायच्या पुट्टीवरचे) ओरखडे वर दिसू लागतात आणि चमक मरते. डब्यावरची वेळ वाचाच. माझी सवय अशी, की पॅनलला नाक लावून बघायचं. थिनरचा वास येत असेल तर पेपर हातात घ्यायचा नाही. वास गेला की डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेवर नख दाबायचं; खूण उमटली तर अजून थांबायचं. एनसी (फक्त थिनर उडून वाळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) रंगाला तर काही आठवडे द्या. उलट टूके रंग महिनोन्‌महिने तसाच ठेवला तर इतका कडक होतो की घासताना खांदे भरून येतात.

दुसरी चूक कडांची, आणि ही मला सगळ्यात जास्त छळते. चंदेरी मेटॅलिक रंगाची एक पद्मिनी आली होती. घरी साखरपुडा होता, म्हणून तरुण मालकाने ८०० नंबरचा, म्हणजे या कामाला फार खरखरीत पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक) बोटांखाली धरून एका रात्रीत सगळी गाडी घासली. मागच्या मडगार्डाच्या वर उठलेल्या धारेवर क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) संपला, मग त्याखालचा चंदेरी बेस गेला, खाली करडा प्रायमर उघडा पडला. क्लिअरची जाडी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी, आणि ओला रंग धारेवरून ओघळतो म्हणून तिथे ती आणखी कमी असते. मेटॅलिकला ठिगळ लावता येत नाही, डाग उठून दिसतो. अख्खं मडगार्ड पुन्हा मारावं लागलं, शेजारच्या दारावर रंग जुळवत न्यावा लागला, आणि साखरपुड्याला भाड्याची गाडी गेली.

म्हणून पेपर भिजत घालण्याआधीच मी सगळ्या धारांवर मास्किंग टेप लावतो. टेप शेवटी काढून तिथे ३००० नंबरने हलके चार हात फिरवतो, बस्स.

घासताना पाण्याकडे बघा. क्लिअर निघतो तेव्हा पाणी दुधाळ होतं. त्यात गाडीचा रंग दिसला की तिथेच थांबा. क्लिअर नसलेल्या साध्या रंगात पाणी रंगीत होणारच, तिथे घाबरू नका.

सपाट भागावर बोटांनी घासू नका, रबरी ब्लॉक वापरा. मी १५०० ने सुरू करून २०००, मग ३००० वर जातो. मधला नंबर गाळून वेळ वाचवणाऱ्यांचे ओरखडे उन्हात लगेच ओळखू येतात. नंबर बदलला की बादलीतलं पाणीही बदला. वायपरच्या रबराने पाणी ओढलं की न घासलेले खड्डे चमकताना दिसतात. शेवटच्या ठिपक्याच्या मागे लागू नका, त्या हट्टापायी अख्खा क्लिअर जातो.

घासून झाल्यावर चमक आणायला पॉलिशचं मशीन फिरवताना ते एका जागी धरू नका, रंग जळतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड (मशीनने घासायची पॉलिशची पेस्ट) लावू नका. ताज्या रंगावर वॅक्सची घाई नको, मी दोन महिने थांबतो. आणि काचेच्या रबरात शिरलेलं कंपाउंड त्याच दिवशी जुन्या टूथब्रशने काढा. वाळलं की पांढरी रेघ धरून बसतं आणि मग ते कोरताना नव्या रंगावर ओरखडे पडतात.